अँटिबॉडी रिपोर्टमधला आकडा

तुमच्या घरी कुणी कोरोनातून उठल्यावर अँटिबॉडी तपासून घेतली असेल, तर फायलीतला तो रिपोर्ट काढा आणि आकड्याआधी तपासणी कशाची होती ते बघा. काही किट विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रोटीनविरुद्धच्या अँटिबॉडी शोधतात. त्या सापडल्या म्हणजे संसर्ग होऊन गेला, किंवा कोव्हॅक्सिनसारखी अख्ख्या मृत विषाणूची लस घेतलेली आहे, एवढंच. विषाणूला पेशीत शिरू न देणाऱ्या अँटिबॉडी मुख्यतः बाहेरच्या स्पाइक प्रोटीनला चिकटतात.

आणि नेमका स्पाइकच बदलत गेला. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल वाढल्याचं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं. हे बदल बी.१.६१७ या विषाणू-घराण्यातले; डेल्टाही त्याच घराण्यातला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने बऱ्या झालेल्या रुग्णांचं सीरम या घराण्याच्या विषाणूवर तपासलं. त्याने विषाणू अडवला, पण जुन्या विषाणूपेक्षा कमी जोमाने. नोव्हेंबर २०२१ मध्ये समोर आलेल्या ओमायक्रॉनच्या स्पाइकमध्ये तर तीसहून अधिक बदल होते. म्हणून आधी कोरोना होऊन गेलेल्यांनाही तो सर्रास झाला.

तरी पहिला संसर्ग वाया जात नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. रक्तातल्या अँटिबॉडी काही महिन्यांत उतरतात, पण स्मृती-बी पेशी टिकतात आणि आपल्या अँटिबॉडीची पकड महिनोन्‌महिने सुधारत राहतात. टी पेशी विषाणूचे अनेक तुकडे ओळखतात. त्यातले बरेचसे नव्या प्रकारांतही तसेच राहतात. संसर्ग त्या नेहमी रोखू शकत नाहीत, आजार गंभीर होण्याचा धोका मात्र कमी करतात. रिपोर्टमधल्या आकड्यात या पेशींची मोजणी नसते.