मित्राचं घर, मोतीचं वेळापत्रक

मार्च संपता संपता असा एखादा निरोप येतो. ‘मेमध्ये आम्ही तीन आठवडे मुलीकडे जातोय. गोव्याचं घर रिकामंच आहे, तुम्ही दोघं या की राहायला. मोतीलाही सोबत होईल.’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी येतो तो व्हरांड्यातला झोपाळा, परसातला फणस आणि पंधरा मिनिटांवरचा समुद्र. मोती, म्हणजे त्यांचा कुत्रा, येतो शेवटच्या वाक्यात, तोही ‘सोबत होईल’ अशा साळसूद शब्दांत. खरं निमंत्रण मात्र त्या शेवटच्या वाक्याचंच असतं.

घर राखायला कुणाला तरी ठेवणं आपल्याला नवं नाही. गावाला जाताना किल्ली शेजारच्या काकूंकडे, कुंड्यांना पाणी त्यांच्या मुलाकडे, दूधवाल्याला निरोप, एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भागलं. आता काकू स्वतःच मुलाकडे बंगळुरूला असतात. शिवाय मुंबई-पुण्याची बरीच मंडळी आसगाव, शिवोली, साळगाव अशा उत्तर गोव्यातल्या गावांत राहायला गेली. तिथे अंगण मिळालं म्हणून एक कुत्रा आला, मग दारात येऊन बसणारी मांजर घरचीच झाली. ही घरं कुलूप लावून सोडता येत नाहीत. कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचं तर सुट्टीच्या दिवसांत जागा मिळत नाही, आणि म्हातारा कुत्रा परक्या जागी अन्न सोडतो. तेव्हा मित्रांनी आपल्या घरी येऊन राहावं, सुट्टीही होईल आणि राखणही, हा मार्ग दोघांच्याही सोयीचा आहे.

परदेशात या सोयीची संकेतस्थळं झाली. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेलं ‘ट्रस्टेड हाउससिटर्स’ हे त्यातलं मोठं नाव. घरमालक आणि राखणारा, दोघंही वर्गणी भरतात, एकमेकांना पैसे देत नाहीत. तिथे अटी आधी ठरलेल्या असतात, प्रश्न विचारायची पद्धतही ठरलेली असते. मित्रांमध्ये नेमकं हेच नसतं. ‘आपल्यात काय बोलायचं’ म्हणून विजेच्या बिलापासून कुत्र्याच्या औषधापर्यंत सगळं अंदाजावर सोडलं जातं आणि परतल्यावर दोन्हीकडची मनं थोडी आंबतात. माझं मत स्पष्ट आहे: पैसे द्यायचे-घ्यायचे नसतात, म्हणूनच इथे जास्त बोलावं लागतं.

आधी सुट्टीचा हिशेब. वयात आलेला, सवयीचा कुत्रा घरात एकटा साधारण चार ते सहा तास बरा राहतो. पिल्लाला आणि म्हाताऱ्या कुत्र्याला तेवढंही जमत नाही. म्हणजे तुमच्या भटकंतीचा नकाशा या चार-सहा तासांनी आखला जातो. शिवोलीला मुक्काम असेल तर शुक्रवारचा म्हापशाचा बाजार, पणजीतलं फोंतेन्हास, जुन्या गोव्यातली चर्चेस हे सगळं एकेका सकाळीत आरामात होतं. दूधसागर किंवा काणकोणचं पाळोळें म्हणजे अख्खा दिवस. ते या खेपेला नाही. ज्यांना गोवा ‘करायचा’ असतो त्यांना हे जाचतं. ज्यांना एका गावात राहून पाहायचं असतं त्यांना हीच खरी सुट्टी वाटते. कुत्रा सकाळी साडेसहाला दाराशी उभा राहतो म्हणून तुम्हीही त्या वेळी रस्त्यावर असता; पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत पाव घेऊन येतो, शेतात बगळे उतरलेले असतात, आणि तिसऱ्या दिवसापासून गावातले लोक तुम्हाला ‘मोतीवाले’ म्हणून ओळखायला लागतात. हॉटेलात उतरून हे मिळत नाही.

मेमध्ये फेरी सकाळी लवकर आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच. दुपारी डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही सोसत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धाप लागून उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. आणखी एक: पहिले काही दिवस पट्टा सोडू नका, अगदी किनाऱ्यावरसुद्धा. मालक गेल्यावर कुत्रा त्यांना शोधायला निघतो, फाटक उघडं दिसलं की सुटतो, आणि वाटेत भटक्या कुत्र्यांच्या टोळीची हद्द लागते. म्हणून मालक निघायच्या एक दिवस आधी पोहोचणं फार मोलाचं. मालकासोबत एक फेरी मारा, त्यांच्यासमोर त्याला तुमच्या हातून खाऊ घाला. त्यांचा एखादा न धुतलेला सदरा त्याच्या अंथरुणावर ठेवायला मागून घ्या.

खाणं हा आपल्याकडचा नाजूक विषय. कुत्र्याला ‘जरासं’ दिल्याशिवाय आपल्या घशाखाली घास उतरत नाही. पण कांदा-लसणाने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्याचा त्रास लगेच नव्हे, दोन-चार दिवसांनी दिसतो. तोवर तुम्ही दिलेलं कालवण विसरलेले असता. शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं शुगर-फ्री च्युइंगगम हेही विष. शिजवलेली हाडं आतड्यात टोचतात. मालकाने जे सांगितलं तेच, तेवढंच आणि त्याच वेळी. प्रेम दाखवायचं तर पंधरा मिनिटं जास्त फिरवा.

मांजर असेल तर काम कमी आणि लक्ष जास्त. पहिला दिवस ती पलंगाखालीच काढेल, ओढून काढू नका. पण दिवसभराहून जास्त वेळ काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्याला फोन करा, कारण उपाशी मांजराचं यकृत लवकर बिघडतं. बोका लघवीला पुन्हा पुन्हा बसतोय आणि होत नाहीये, हे दिसलं तर त्याच रात्री न्यायचं, सकाळची वाट पाहायची नाही. घरातली पॅरासिटामोलची गोळी मांजराचा जीव घेते. मनी प्लांट चावलं तर तोंड सुजतं, फुलदाणीत लिलीची फुलं तर नकोतच. फ्लॅट असेल तर खिडक्यांना जाळी आहे का ते पाहा. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडून दवाखान्यात आलेल्या १३२ मांजरांचा एक अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार झालेल्यांतली जवळजवळ ९० टक्के वाचली, हे खरं. पण फुप्फुसांच्या इजा, मोडलेले पाय आणि फुटलेले जबडे त्यातही होतेच.

मत्स्यालय सांभाळणं सर्वांत सोपं वाटतं आणि पाहुण्यांच्या हातून मासेच जास्त मरतात, तेही उपासाने नव्हे, जास्त खाणं टाकल्याने. उरलेलं कुजतं, पाण्यात अमोनिया वाढतो. मालकाने रोजच्या पुड्या बांधून ठेवाव्यात. पिंजऱ्यात ‘मिठू’ किंवा टबात नक्षत्र कासव असेल तर मात्र राखणीची जबाबदारी न घेतलेली बरी. आपल्याकडचे पोपट आणि हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात; ते घरात बाळगणं हाच गुन्हा आहे.

आता ज्या गोष्टीवर बोलायला सगळेच कचरतात ती. मालक विमानात आहेत, फोन लागत नाही आणि मोतीला घोणस चावली. पावसाळा तोंडावर आला की कोकण-गोव्यात ही कल्पनेतली गोष्ट नसते. दवाखान्यात डॉक्टर विचारतात: प्रतिविष देऊ का, खर्च इतका होईल. कोण हो म्हणणार? किंवा त्याहून अवघड: चौदा वर्षांचा कुत्रा, पोटात गाठ फुटली आहे, शस्त्रक्रिया करायची की शांतपणे जाऊ द्यायचं? हा निर्णय मित्रावर टाकणं अन्याय आहे, मग मैत्री कितीही जुनी असो. म्हणून निघण्याआधी मालकाने आपल्या पशुवैद्याला भेटून किंवा निदान लिहून तीन गोष्टी सांगाव्यात: माझ्या गैरहजेरीत अमुक व्यक्ती कुत्र्याला आणेल, इतक्या रकमेपर्यंत न विचारता उपचार करा, आणि मी सापडलो नाही तर शेवटचा शब्द या नातेवाइकाचा. थोडी रक्कम तिथे आगाऊ ठेवता आली तर उत्तम. लसीकरणाची वही दाराजवळच्या कप्प्यात असावी. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, तिथे जायचा रस्ता कोणता, हे दिवसा एकदा पाहून ठेवावं. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं, तिथे चोवीस तास सेवा आहे. गावाकडे एवढी चैन नसते.

चावा किंवा ओरखडा तुम्हालाच बसला तर? २०२१ मध्ये गोवा हे देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, मोतीची लसही झालेली असेल. तरीही जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे इथे भिडेला जागा नाही. ‘त्यांच्या कुत्र्याचा अपमान होईल’ म्हणून इंजेक्शन टाळणारे लोक आहेत.

दिवाळीत राखणीला जाणार असाल तर फटाक्यांच्या आवाजासाठी वेगळी तयारी. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या मिरवणुकी पहाटेपर्यंत चालतात, ढणाढणा संगीत आणि शेवटी दहन. त्या रात्री बाहेर जायचं नाही. फेरी दिवस मावळायच्या आत, खिडक्या बंद, पंखा चालू, आणि कुत्रा पलंगाखाली शिरला तर शिरू द्यायचं. भीतीवरच्या गोळ्या मालकाने डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्याव्यात.

घराचं म्हणाल तर प्राण्यापेक्षा ते कमी मागतं. विजेचा मेन स्विच, इन्व्हर्टर, विहिरीचा पंप आणि गॅसचा रेग्युलेटर मालकाने हाताला धरून दाखवावा. पावसाच्या पहिल्या रात्री दिवे जातात तेव्हा व्हिडिओ कॉलवर मेन स्विच सापडत नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करायच्या, डासाचं अंड्यापासून डासापर्यंत होणं सात ते दहा दिवसांतच उरकतं. घरात कॅमेरे असतील तर मालकाने ते आधी सांगावं आणि आतले बंद ठेवावेत. राखणाऱ्याने घरमालक बाहेरगावी आहेत असं गावभर कळेल असे फोटो टाकू नयेत, आणि न विचारता आपले आणखी मित्र बोलावू नयेत.

खर्चाचा माझा ठोकताळा असा: प्राण्याचं सगळं मालकाचं, आपलं खाणंपिणं आपलं, कामाला येणाऱ्या ताईंचा पगार मालकाचा. एसी रात्रभर लावणार असाल तर बिलाचं बोलून घ्या. काही फुटलं तर त्याच दिवशी कळवा. परतल्यावर कपाटात दडवलेला फुटका चिनी बाऊल सापडण्याइतकं वाईट काही नाही.

मालकांच्या मनातली एक धास्ती अजूनही टिकून आहे: फुकट राहिलेला माणूस उद्या जागेवर हक्क सांगेल. गोव्यातल्याच एका घरावरून बहीण-भावात झालेल्या दाव्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ केलं. राखणदार, नोकर किंवा मैत्रीखातर विनामोबदला राहू दिलेला माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही. घर बहिणीचं होतं, ते तिचंच राहिलं. दोन ओळींचा ईमेल मात्र असू द्या: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, पाहुणे म्हणून, भाडं नाही.

परदेशातल्या मित्राकडे अशी राखण करायला निघालेल्यांना मात्र वेगळा धोका आहे. घर आणि प्राणी सांभाळण्याच्या बदल्यात फुकट राहणं, याला काही देशांचे इमिग्रेशन अधिकारी काम समजतात, मग पैसे मिळोत न मिळोत. २०२२ मध्ये एका ऑस्ट्रेलियन महिलेला मांजरं सांभाळत प्रवास करते म्हणून अमेरिकेच्या विमानतळावरून परत पाठवण्यात आलं. पर्यटक व्हिसावर मुलांकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांनी ‘जवळच राहणाऱ्या मित्राचा कुत्राही महिनाभर बघू’ असं कबूल करण्याआधी त्या देशाचे नियम नीट तपासावेत आणि अधिकाऱ्याने विचारलं तर खरं तेच सांगावं.

आणि ज्यांना मुळात कुत्र्याची भीती वाटते, ज्यांच्या घरात कुणाला दमा आहे किंवा ज्यांना सुट्टीत नऊ वाजेपर्यंत झोपायचं असतं, त्यांनी पहिल्या फोनवरच ‘नाही’ म्हणावं. मित्र रागावत नाही. पण मे आणि दिवाळीची बोर्डिंगं आधीच भरतात, तेव्हा नकार द्यायचाच असेल तर तो मार्चमध्येच द्या.