मोटारीतील पुढचा व मागचा कॅमेरा

सुरतेच्या रस्त्यांवर हल्ली ज्या मोटारी धावतात, त्यांपैकी पुष्कळांच्या पुढील काचेमागे, आरशाच्या आडोशाला, एक लहानशी काळी डबी चिकटविलेली दिसते. हा कॅमेरा होय. गाडी सुरू झाली की तो आपोआप समोरच्या रस्त्याचे चित्रण करू लागतो. त्याचाच एक जोडीदार मागच्या काचेला असतो. आपल्या सभासदांपैकी अनेकांकडे आता मोटारी आहेत. काहींचा व्यवसायच टेम्पोचा किंवा शाळेच्या व्हॅनचा आहे. आणि ज्यांची सोयरीक नवापूर-धुळ्याकडे आहे त्यांस वर्षातून चार वेळा तरी तो लांबचा रस्ता धरावा लागतो. असा कॅमेरा घ्यावा काय, घेतल्यास कोणता, आणि तो बसवून कसा घ्यावा, अशी विचारणा आम्हांकडे वारंवार होते. त्या सर्वांस एकत्र उत्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

वाटेतील सृष्टिशोभा टिपणे हे या कॅमेऱ्याचे काम नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर एक उल्का फुटली आणि तिचे चित्रण साऱ्या जगाने पाहिले. त्यातील बरेचसे मोटारींत बसविलेल्या अशाच कॅमेऱ्यांचे होते. पण तेथील मोटारवाल्यांनी कॅमेरे उल्केसाठी घेतले नव्हते. रस्त्यावरील तंट्यात आपली बाजू मांडता यावी म्हणून घेतले होते. आपलाही हेतू तोच.

हा तंटा किती मोलाचा असू शकतो ते पाहा. एखाद्या वाहनाने माणसास उडविले, वाहन पळून गेले आणि त्याचा क्रमांक कोणासच कळला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या सरकारी योजनेप्रमाणे मृताच्या वारसांस २ लाख रुपये आणि गंभीर जखमीस ५० हजार रुपये मिळतात. क्रमांक कळला, तर मालक व विमा कंपनी यांच्याविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाद मागता येते. आणि तेथे मृताचे वय, त्याची कमाई, त्याच्या कमाईवर जगणारी माणसे, हे सारे हिशेबात घेऊन भरपाई ठरते. घरातला मिळवता तरुण गेलेला असेल तर या दोन रकमांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. ते अंतर पुष्कळदा पाटीवरच्या दहा अक्षर-अंकांवर अवलंबून असते. याची दुसरी बाजूही आहे. अपघात झाला की जमाव गोळा होतो आणि मोठ्या वाहनाचा चालक दोषी, असा निकाल तिथल्या तिथे लागतो. उलट्या दिशेने आलेला दुचाकीस्वार व्हॅनवर आदळला तरी मार व्हॅनवाल्यासच बसतो.

तेव्हा कॅमेरा हा साक्षीदार आहे, असे समजूनच त्याची निवड करावी. त्यास नीट दिसले पाहिजे, वेळ बरोबर सांगता आली पाहिजे, आणि त्याच्या जबानीत कोणी फेरफार केलेला नाही हे सिद्ध करता आले पाहिजे. यांतील एक जरी नसेल तर ती डबी शोभेची. आणखी असे की, साक्षीदार धन्याच्या बाजूनेच बोलेल असे नाही. सिग्नल तोडणाऱ्याने कॅमेरा घेतला तर तो त्याच्याविरुद्धही बोलेल. हे ज्यास मान्य नसेल त्याने पैसे वाचवावेत.

आता दृष्टीविषयी. दुकानदार सांगतो, ‘साहेब, एकशे चाळीस अंशांची भिंग आहे, सगळा रस्ता दिसतो.’ सगळा रस्ता दिसतो खरा, पण क्रमांक दिसतो काय? थोडे गणित करू. फुल एचडी म्हणतात त्या चित्राच्या रुंदीत १९२० ठिपके असतात. ते १४० अंशांत वाटले तर स्थूलमानाने एका अंशास १४ ठिपके येतात. मोटारीची क्रमांकपाटी ५०० मिलिमीटर रुंद. दहा मीटरवरून ती जेमतेम तीन अंश व्यापते, म्हणजे तिच्या वाट्यास चाळीस-एक ठिपके. त्यांत ‘जीजे ०५’ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत दहा चिन्हे बसवावयाची, म्हणजे एका चिन्हास चार ठिपके. चार ठिपक्यांत ३ आणि ८ यांचा भेद कोण करील? पाच मीटरवर हेच आठ ठिपके होतात आणि आकडा वाचता येऊ लागतो. ज्यास फोर-के म्हणतात त्यात ठिपके दुप्पट, ३८४० असतात, म्हणून तीच स्पष्टता दहा मीटरवर मिळते. मधली पायरी २५६० ठिपक्यांची आहे.

यावरून आमचे मत असे की, पुढचा कॅमेरा निदान मधल्या पायरीचा असावा आणि भिंगाचा कोन विनाकारण मोठा नसावा; १३० अंश पुरे. मागचा कॅमेरा मात्र फुल एचडी चालतो, कारण मागून धडक देणारा आपण होऊनच जवळ येतो. रात्रीची गोष्ट निराळी. उच्च सुरक्षा पाटी म्हणून ज्या पाट्या १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांस लागतात, त्या दिव्याचा प्रकाश जसाच्या तसा परत फेकतात. आपल्या दिव्यांच्या झोतात पाटी पांढरीफेक होते आणि अक्षरे त्यात बुडून जातात. यावर उपाय म्हणून काही कॅमेरे एकाच दृश्याची उजळ व अंधारी अशी चित्रे घेऊन ती एकत्र करतात; त्यास एचडीआर असे नाव आहे. विकत घेण्यापूर्वी रात्री केलेले चित्रण दाखविण्याचा आग्रह धरावा. दिवसाचे चित्रण सगळ्यांचेच चांगले असते.

सुरतेचा उन्हाळा हा या कॅमेऱ्याचा मोठा शत्रू. मे महिन्यात दुपारी उन्हात लावलेल्या बंद मोटारीत हात टेकवत नाही, आणि कॅमेरा तर काचेलाच चिकटलेला. ज्या कॅमेऱ्यात लिथियमची बॅटरी असते ती अशा उष्णतेने फुगते व निकामी होते. तिच्याऐवजी सुपरकपॅसिटर हा भाग असलेला कॅमेरा मागावा. तो वीज फार वेळ साठवून ठेवीत नाही. पण धडकेत तार तुटली तर चालू असलेले चित्रण कार्डावर नीट लिहून पुरे करण्यास लागणारे काही क्षण तो देतो, आणि उष्णता पुष्कळ सोसतो. या एका शब्दावर दुकानदार अडखळला तर दुसऱ्या दुकानात जावे.

घड्याळाकडे कोणी लक्ष देत नाही. आमच्या परिचयाच्या एका व्हॅनचालकाचा चौकात तंटा झाला. चित्रण स्वच्छ होते, दोष त्याचा नव्हता; पण कॅमेऱ्याचे घड्याळ केव्हातरी मूळपदावर गेलेले, आणि चित्राच्या कोपऱ्यात १ जानेवारीची तारीख, तीही काही वर्षांपूर्वीची. समोरच्याने तेवढेच धरून ठेवले. शेवटी दिवस बुडतो आहे हे पाहून व्हॅनवाल्याने पदरचे पैसे देऊन मिटविले. उपग्रहावरून वेळ घेणारा, म्हणजे जीपीएस असलेला कॅमेरा घेतल्यास ही अडचण येत नाही. तो गाडीचा वेग व ठिकाणही नोंदतो. तो नसेल तर दर महिन्याच्या पहिल्या तारखेस घड्याळ तपासावे.

दोन कॅमेऱ्यांचे चित्रण तासाला सुमारे १४ जीबी जागा खाते. १२८ जीबीचे कार्ड नऊ तासांच्या आत भरते, आणि मग सर्वांत जुने चित्रण पुसून नवे लिहिले जाते. जोराचा धक्का बसल्यास तेवढा तुकडा कॅमेरा आपोआप कुलूपबंद करतो खरा. परंतु दुसऱ्याचा अपघात आपण डोळ्यांनी पाहिला तर आपल्या गाडीस धक्का बसत नाही, तेव्हा बटण हातानेच दाबावे लागते. कार्ड साध्या मोबाईलचे घालू नये. सतत लिहिण्यापुसण्याने ते लवकर झिजते. यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ असे छापलेले कार्ड मिळते.

दोन कॅमेऱ्यांचा बरा संच पाच हजारांपासून पंधरा हजार रुपयांपर्यंत मिळतो. कोणत्याही कंपनीचे नाव आम्ही घेत नाही. त्यासाठी स्मरणिकेत जाहिरातींची पाने वेगळी आहेत.

बसविण्याचे काम सोपे दिसते, आणि म्हणूनच बिघडते. पुढचा कॅमेरा आरशाच्या मागे, चालकाच्या नजरेआड, म्हणजे आपल्याकडील गाड्यांत आरशाच्या डाव्या अंगास लावावा. ती जागा वायपरच्या फेऱ्यात आहे ना, हे वायपर चालवून पाहावे. नाहीतर पावसाळ्यात चार महिने नुसते थेंब दिसतील. काच स्पिरिटने पुसून, कोरडी करून मगच चिकटपट्टी लावावी. चित्रात आकाश एक-तृतीयांशाहून अधिक येऊ देऊ नये, कारण आकाशाच्या उजेडाने रस्ता काळा पडतो. सुरतेहून बारडोली, व्यारा, नवापूर अशा रस्त्याने धुळ्यास निघालेला माणूस सकाळी सूर्याच्या तोंडावर जातो आणि संध्याकाळी परतताना पुन्हा सूर्याच्याच तोंडावर येतो, हे लक्षात असू द्यावे. डॅशबोर्डवर चकाकणाऱ्या वस्तू, कागदी रुमालांचे डबे, अत्तराच्या बाटल्या मांडण्याची आपल्याकडे हौस आहे. त्या सर्वांचे प्रतिबिंब काचेत पडते आणि कोंडाईबारी घाटाच्या चित्रात अत्तराची बाटली तरंगताना दिसते!

तार छताच्या अस्तरात सारून दाराशेजारच्या खांबावरून खाली न्यावी लागते. येथे फार जपले पाहिजे. ज्या गाडीस बाजूची एअरबॅग आहे तिच्यात ती याच खांबाच्या आवरणाखाली असते. तार एअरबॅगच्या पुढून गेली तर ती फुगताना अडथळा येतो किंवा तारेचा फटकारा चेहऱ्यावर बसतो. म्हणून तार तिच्या मागून, मूळच्या तारांच्या जुडग्याशी बांधून न्यावी. हे ज्या कारागिरास सांगावे लागते त्याच्याकडून काम करून घेऊ नये. मागच्या कॅमेऱ्याची तार छताच्या कडेने डिकीपर्यंत जाते आणि तेथे वाकणाऱ्या रबरी नळीतूनच दारात उतरवावी. दाराच्या फटीतून उघडी सोडल्यास महिना-दोन महिन्यांत तिचे कातडे सोलून निघते. मागच्या काचेवर गडद फिल्म असेल तर रात्री काहीही दिसणार नाही. पुढच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियमच आहे.

वीज दोन प्रकारे घेता येते. सिगारेट-लायटरच्या खाचेतून घेणे सोपे, आणि केवळ प्रवासातील चित्रण हवे असल्यास पुरेसे. उभ्या गाडीवरही पहारा हवा असेल तर फ्यूजच्या पेटीतून स्वतंत्र फ्यूज घालून तार ओढावी लागते. त्यासाठी जो जोडसंच मिळतो त्यात बॅटरीचा दाब ठराविक मर्यादेखाली उतरताच वीज तोडण्याची सोय असते, ती असलीच पाहिजे. दोन कॅमेऱ्यांस साधारण ०.३ अँपिअर लागतात, म्हणजे दिवसरात्र मिळून ७ अँपिअर-तासांच्या वर. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. दोन दिवस गाडी उभी राहिली की तिसऱ्या सकाळी ढकलावी लागेल. ट्रकवाल्यांनी कॅमेरा २४ व्होल्टवर चालतो ना, हे आधी विचारावे. मूळ तारांस कात्री लावू देऊ नये. वॉरंटीच्या वेळी त्यावरून वाद होतात.

आवाजाचे ध्वनिमुद्रण बंद ठेवावे असे आम्ही सुचवितो. गाडीत घरच्या गोष्टी निघतात, मुलांच्या लग्नाच्या बोलण्या होतात. त्या कार्डावर राहाव्यात आणि कार्ड एखाद्या दिवशी परक्याच्या हाती पडावे, हे बरे नव्हे.

शेवटी न्यायालयाचा भाग. याचे ठळक उदाहरण मराठी मुलखातलेच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज मुदत उलटल्यावर दाखल झाले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता; आणि त्यास आधार होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणाचा. चित्रण होते, पण त्याच्या प्रतीसोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र मागूनही मिळाले नाही. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला की मूळ यंत्रच हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र नको. नुसती प्रत हजर करावयाची तर प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक चित्रण हजर करणाऱ्या पक्षाने भरावयाचा व दुसरा तज्ज्ञाने. त्यात चित्रणाचे ‘हॅश’ मूल्य लिहावे लागते. हे अंगठ्याच्या ठशासारखे आहे. चित्रणातला एक कण बदलला तरी ते सर्वस्वी बदलते.

म्हणून अपघात झाल्यावर चित्रणाची काटछाट करू नये आणि त्यावर अक्षरे चढवू नयेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेले चित्रण व्हिडिओ म्हणून गेले की दाबले जाऊन निराळेच होते. ते नातलगांस दाखविण्यापुरते ठीक, साक्षीस नव्हे. गाडी बंद करून कार्ड काढावे, कागदी पाकिटात घालून त्यावर तारीख, वेळ, ठिकाण व गाडीचा क्रमांक लिहावा. पोलिसांच्या हवाली केल्यास पोच घ्यावी. आणि परतीच्या वाटेवर कॅमेरा रिकामा राहू नये म्हणून एक कोरे कार्ड गाडीच्या कप्प्यात नेहमी जादा ठेवावे.