डाव्या पायाचा हिशेब

बीबी गावातला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर आणि तिथला तलाठी एकाच गाडीत होते आणि अपघातात दोघांचाही डावा पाय गुडघ्याच्या वरून गेला, असं समजा. (सरकारनं पदाचं नाव बदललंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात.) डॉक्टरांच्या दाखल्यावर दोघांचं अपंगत्व सारखं आहे, ६० टक्के. पण भरपाई ठरवताना एकाची कमाईची ताकद १०० टक्के गेली असं धरलं जाऊ शकतं आणि दुसऱ्याची जवळपास शून्य टक्के.

कारण साधं आहे. ट्रॅक्टरचा क्लच डाव्या पायाखाली असतो. तो पाय नसेल तर नांगरट नाही, पेरणी नाही, सोयाबीनची ट्रॉली बाजारात नेणं नाही. तलाठ्याला त्रास होईल, कुबड्या लागतील, पण पगार चालू राहील. सर्वोच्च न्यायालयानं २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हेच समजावलंय. तिथलं उदाहरण डाव्या हाताचं आहे: तो हात ड्रायव्हरचा किंवा सुताराचा गेला तर रोजीरोटीच गेली, सरकारी कारकुनाचा गेला तर नोकरी टिकू शकते. डॉक्टर शरीराचं अपंगत्व मोजतात, दावा ऐकणाऱ्या न्यायाधिकरणानं कमाईचं मोजायचं. हे दोन आकडे एकच आहेत असं गृहीत धरू नका, असं न्यायालयानं बजावून सांगितलं.

बीबीच्या माणसाला हे कळायला हवं, कारण लोणार तालुक्यातलं हे गाव मोठ्या रस्त्यांच्या शेजारात आहे. मेहकरकडून सिंदखेडराजा, जालन्याकडे जाणारी जुनी वाहतूक इथली, आणि आता याच पट्ट्यातून समृद्धी महामार्ग गेलाय. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे नागपूरहून पुण्याला निघालेल्या ट्रॅव्हल्सनं पेट घेतला आणि २५ जण गेले. मृतांच्या वारसांना राज्य सरकारकडून ५ लाख आणि पंतप्रधान निधीतून २ लाख जाहीर झाले.

पुष्कळांना वाटतं की हीच भरपाई. तसं नाही. ते सानुग्रह अनुदान, म्हणजे सरकारनं दिलेला मदतीचा हात. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून जे मिळतात, मृत्यूला २ लाख, एक हात किंवा पाय गेला तर १ लाख, तेही त्याच जातीचे पैसे. भरपाई ही हक्कानं मागायची गोष्ट. ती वाहनाच्या मालकाकडून आणि त्याच्या विमा कंपनीकडून, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मागायची. राहता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, अपघात कुठेही होवो. २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, म्हणून दुःखातून सावरल्यावर बघू, असं म्हणून चालत नाही.

आता ड्रायव्हरचा दावा उघडून बघू. पहिला गठ्ठा बिलांचा: दवाखाना, औषधं, अँब्युलन्स, संभाजीनगरच्या खेपा. त्यातच सकस आहाराचा खर्चही धरतात, दूध-अंड्यांचा. अंथरुणावर पडून बुडालेली मजुरी वेगळी. पुढे बसवायच्या आणि काही वर्षांनी बदलायच्या कृत्रिम पायाचा खर्च वेगळा. हा सगळा भाग पावत्या सांभाळणाऱ्यांचा, त्यात नवल काही नाही. नवल पुढच्या कमाईच्या हिशेबात आहे.

ड्रायव्हरचं वय २८, कमाई महिना १५ हजार धरू. पगाराची चिठ्ठी त्याच्याकडे नाही, पण तेवढ्यानं अडत नाही. २०११ मध्ये एका हमालाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्यानं सांगितलेली साडेचार हजारांची कमाई कागदाविना मान्य केली होती. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. माणूस आयुष्यभर त्याच मजुरीवर राहत नाही, म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला ४० टक्के वाढ मिळते: २ लाख ५२ हजार. आता याला कितीनं गुणायचं? साठीपर्यंत ३२ वर्षं उरलीत, म्हणून ३२ नं? नाही. १७ नं.

हा १७ कुठून आला? २००९ च्या सरला वर्मा निकालात एक तक्ता आहे. पंचविशीपर्यंत १८, मग तिशीपर्यंत १७, छत्तीस ते चाळीसला १५, शेहेचाळीस ते पन्नासला १३, छप्पन ते साठला ९. पहिल्यांदा बघितलं की वाटतं, कुणीतरी कंजुषी केली. पण पैसे आज एकरकमी मिळतात आणि बँकेत व्याज मिळवत राहतात, हे त्यात धरलंय. पाच टक्के व्याज धरून मी गणित मांडून पाहिलं. १८ वर्षांची कमाई ठेवीत टाकून दरवर्षी एका वर्षाची काढत राहिलं तर ठेव ४७ वर्षं पुरते. पंचवीस अधिक सत्तेचाळीस, बहात्तर. अठ्ठाविसाव्या वर्षी १७ वर्षांची रक्कम ३९ वर्षं पुरते, म्हणजे सदुसष्टपर्यंत. चाळिशीला १५ ची अडुसष्टपर्यंत, पन्नाशीला १३ ची एकाहत्तरपर्यंत, साठीला ९ ची पुन्हा बहात्तरपर्यंत. यातलं कोणतंही वय घ्या, ठेव साधारण सत्तरीच्या आसपास संपते! कोरड्या तक्त्याच्या पोटात एक पूर्ण आयुष्य मोजून ठेवलेलं आहे, आणि निकाल वाचणाऱ्या किती जणांना ते दिसत असेल, शंका आहे.

गुणकाची ही पद्धत इंग्लंडातून आली. १९४२ मध्ये वेल्सच्या कोळसा खाणीतल्या मृत्यूंच्या खटल्यात लॉर्ड राइट यांनी ती मांडली. त्याआधीची गोष्ट तर विचित्रच. १८०८ मध्ये इंग्लंडात एक घोडागाडी उलटली, एका माणसाची बायको महिन्याभरानं वारली आणि न्यायालयानं त्याला फक्त ती जिवंत होती तेवढ्या महिन्याची भरपाई दिली. मृत्यूबद्दल दावाच नाही! जखमी करणं महाग आणि ठार करणं स्वस्त, असा तो कायदा. आगगाड्या धावू लागल्यावर १८४६ मध्ये तो बदलावा लागला. आपल्याकडे बोरीबंदर–ठाणे गाडी १८५३ ला सुटली आणि १८५५ ला प्राणघातक अपघातांचा कायदा आला.

ड्रायव्हरचं गणित पुरं करू. २ लाख ५२ हजार गुणिले १७, म्हणजे ४२ लाख ८४ हजार. दाखल्यावरचे ६० टक्केच धरले तर २५ लाख ७० हजार ४००. कमाईची ताकद पूर्ण गेली हे पटवून दिलं तर सगळे ४२ लाख ८४ हजार. दोन्हींतलं अंतर १७ लाखांहून जास्त. ते एका साक्षीवर ठरू शकतं: हा माणूस रोज नेमकं काय करत होता आणि आता काय करू शकत नाही. क्लचची गोष्ट वकिलानं न्यायाधीशांना सांगितली की नाही?

पावती नसलेल्या नुकसानीचेही पैसे मिळतात. वेदनांचे वेगळे, जगण्यातला आनंद हरपल्याचे वेगळे. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेडराजा, लोणार, मेहकर या भागातून जाते. दरवर्षी तिच्याबरोबर चालणाऱ्याला आता दारात खुर्ची टाकून बसावं लागतं, हेही न्यायाधिकरणापुढे मांडण्याजोगं नुकसान आहे. लग्न जमण्याची शक्यता कमी झाली, आयुष्यच घटलं, यांचीही खाती आहेत. इथे तक्ता नाही, न्यायाधीशाचा अंदाज आहे, आणि तो अंदाजच आहे हे न्यायालयं लपवत नाहीत.

घरातल्या बाईचं काय? २०२१ च्या कीर्ती निकालात न्यायालयानं सरकारी पाहणीचे आकडे दिले: बाई रोज सरासरी २९९ मिनिटं घरच्यांसाठी विनामोबदला राबते, पुरुष ९७. म्हणून तिचं काम कमाईच धरायचं. आपल्याकडे तर ती घरातलं उरकून वर निंदणीलाही जाते, त्यामुळे दाव्यात ‘गृहिणी’ एवढाच शब्द लिहून वकिलानं गप्प बसू नये.

मला सगळ्यात थक्क करणारा निकाल २०२० चा आहे. आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या १२ वर्षांच्या मुलीला २००७ मध्ये ट्रकनं उडवलं. मेंदूला मार बसला आणि ती जन्मभर दुसऱ्यावर अवलंबून राहिली. सर्वोच्च न्यायालयानं तिच्या सांभाळालाही गुणक लावला: दोन मदतनीस, प्रत्येकी महिना ५ हजार, गुणिले १८ वर्षं. २१ लाख ६० हजार नुसते उठवण्या-बसवण्याचे. एकूण भरपाई ६२ लाख २७ हजार. हे काम बहुधा आईच करत असते, फुकट.

पण हा सगळा डोलारा कशावर उभा आहे? गाडी सापडण्यावर. धडक देऊन ट्रक अंधारात पसार झाला, नंबर कुणी घेतला नाही, तर विमा कंपनी नाही, मालक नाही, गुणकही नाही. मग महसूल खात्याकडे अर्ज करायचा आणि हिट अँड रनची ठरीव रक्कम घ्यायची: मृत्यूला २ लाख, गंभीर जखमेला ५० हजार. एप्रिल २०२२ पूर्वी तर ती २५ हजार आणि साडेबारा हजार होती. तोच ड्रायव्हर, तोच पाय, तोच क्लच. ४२ लाख ८४ हजारांच्या जागी ५० हजार.