रिकामी टाकी सांभाळणं

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस पावसाच्या पाण्याच्या टाक्यांवर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. आम्ही काही अभियंते नाही. पण या टाक्यांचा सगळा खटाटोप ज्या गोष्टीसाठी चालतो, तिच्यावर आपल्या नैयायिकांनी फार बारकाईने विचार केलेला आहे. ती गोष्ट म्हणजे 'नसणं', शास्त्रीय भाषेत 'अभाव'.

आधी टाकी समजून घेऊ. मुंबईत दादर आणि परळच्या मध्ये हिंदमाता हा भाग आहे. कापड खरेदीला तुम्ही तिथे गेला असाल. हा भाग बशीसारखा खोलगट, त्यामुळे आजूबाजूचं पाणी तिथे येऊन थांबतं. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधलेल्या होत्या, आणि तेही ओहोटी असताना. 1993 च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ही क्षमता 50 मिलिमीटर करा, असं सुचवलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती सूचना सगळ्यांना नव्याने आठवली.

मुंबईची खरी अडचण भरतीची आहे. मोठ्या भरतीला समुद्राची पातळी वाहिन्यांच्या तोंडाच्या वर जाते. मग पाणी बाहेर पडायचं कसं? एक तर पंप लावून समुद्रात फेकायचं, नाहीतर भरती उतरेपर्यंत कुठेतरी थांबवून ठेवायचं. हिंदमाताचं पाणी थांबवण्यासाठी 2021 पासून दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कमध्ये आणि परळच्या झेवियर्स मैदानाखाली भूमिगत टाक्या बांधण्यात आल्या. वर लोक फिरतात, मुलं खेळतात. खाली पाणी येतं, थांबतं, आणि सवड झाली की पंपाने परत वाहिनीत जातं.

आता थोडं गणित करू. एक हेक्टर जमिनीवर तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं 5 लाख लिटर. शहरात सगळं डांबर आणि काँक्रीट, तेव्हा जवळजवळ सगळं वाहतं असं धरू. वाहिनी 25 मिलिमीटर नेते, म्हणजे अडीच लाख लिटर रस्त्यावर उरतं. एक कोटी लिटरची टाकी असेल तर ती 40 हेक्टरांचं असं उरलेलं पाणी तासभर पोटात घेईल. पण तिच्या दहाव्या हिश्शात गाळ साचला असेल तर 4 हेक्टरांचं पाणी घ्यायला जागा नाही. टाकी तीच, बांधकाम तेच, कागदावरचा आकडाही तोच. चार हेक्टर मात्र पाण्यात.

इथे नैयायिक कामाला येतात. वैशेषिकांच्या परंपरेत आधी सहा पदार्थ मानले जात, पुढे 'अभाव' हा सातवा आला. वर्गातलं ठरलेलं उदाहरण असं : जमिनीवर घट नाही. हे 'नाही' नेहमी कशाचं तरी असतं. ज्याचा अभाव, त्याला 'प्रतियोगी' म्हणतात (आजच्या भाषेतला स्पर्धक नव्हे बरं का). म्हणून 'टाकी रिकामी आहे' असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा, कशाने रिकामी? पाण्याने रिकामी, पण गाळाने, प्लास्टिकने भरलेली, असं सहज असू शकतं. पावसाळ्यात तर पाण्याने रिकामी असणंही रोज कमवावं लागतं. सकाळच्या पावसाचं पाणी दुपारपर्यंत उपसलं नाही तर संध्याकाळच्या पावसाला ती टाकी असून नसल्यासारखीच. शिवाय साचून राहिलेल्या पाण्यात डास होतात ते वेगळंच.

दुसरा मुद्दा. घट नाही हे कळतं कसं? भाट्ट मीमांसक म्हणतात, 'अनुपलब्धी'ने, म्हणजे तो आढळत नाही यावरून. पण त्याला एक अट आहे : तो असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही यावरून तो नाही असं ठरत नाही. आता झाकण उचलून, वरून बॅटरी मारून, 'गाळ दिसत नाही' असं लिहिणाऱ्याचा विचार करा. गढूळ पाण्याखाली गाळ असता तरी दिसला नसता! म्हणून पाणी पूर्ण उपसून, ठरलेल्या जागी, दर वर्षी खोली मोजावी लागते. पंपाचंही तसंच. कोरड्या दिवशी दोन मिनिटं फिरला म्हणजे तो पावसात चालेल असं नाही. त्याला पाणी देऊन चालवून बघायचं. वीज गेली तर जनित्रावर चालतो का, तेही बघायचं. जाळ्या मात्र पावसाळाभर साफ करत राहायचं, कारण पहिल्याच मोठ्या सरीबरोबर रस्त्यावरचा सगळा कचरा तिथे येऊन बसतो.

याच अटीवर माणसाचा जीवही अवलंबून असतो. बंद टाकीतल्या कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटू शकतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास येत नाही म्हणून वायू नाही, असं समजून उतरलेला माणूस परत येत नाही. 2013 च्या कायद्याने गटारं आणि सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईसाठी माणसाला उतरवायला मनाई केली आहे. टाकी पावसाच्या पाण्याची आहे, एवढ्याने वायूला फरक पडत नाही. तेव्हा आधी हवा खेळवायची, यंत्राने वायू मोजायचा, आणि गाळ शक्य तितका यंत्रानेच काढायचा. आपले पाय कोरडे राहावेत म्हणून कोणाला तरी अंधारात उतरवायचं, याला व्यवस्था म्हणता येत नाही.

शेवटचा मुद्दा. नैयायिक अभावाचे चार प्रकार मानतात. त्यांतले दोन इथे महत्त्वाचे. वस्तू घडण्याआधीचा तो 'प्रागभाव'. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. वस्तू नष्ट झाल्यानंतरचा तो 'प्रध्वंसाभाव'. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. जे अजून घडलेलं नाही ते न घडू देणं, म्हणजे प्रागभाव टिकवणं, हे देखभालीचं काम. ऑगस्ट 2017 मध्ये याच परिसराजवळ तुंबलेल्या पाण्यातून चालताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून एक माणूस गेला. त्यानंतर सगळं दुरुस्त करता येतं, तेवढं एक सोडून.

देखभालीची पंचाईत अशी की ती नीट झाली तर काहीच घडत नाही. उद्घाटनाला फीत असते. न तुंबलेल्या रस्त्याला कोण हार घालणार? म्हणून निधी बांधायला मिळतो, सांभाळायला मिळताना मारामार. यावर आम्हाला एकच उपाय दिसतो : त्या 'नसण्या'चा हिशेब मागायचा. किती टन गाळ काढला, एवढं विचारून भागणार नाही. टाकीत आज जागा किती उरली? ती कोणी, कधी, कशी मोजली? मागच्या पावसानंतर ती किती तासांत रिकामी झाली? आणि आत कोणी उतरलं होतं का? आपल्या प्रभागात अशी टाकी असेल तर हे चार प्रश्न मे महिना संपायच्या आत विचारा. जुलैमध्ये विचारून उपयोग नाही.