व्यसन कसे सुटते?

"सोडायचे आहे हो, पण सुटत नाही." हे वाक्य आम्ही आजवर किती तोंडून ऐकले असेल, त्याचा हिशेब नाही. वाशीमच्या बाजारात ऐकले, एसटीत ऐकले, शेताच्या बांधावर ऐकले. तंबाखू खाणारा हेच म्हणतो, बिडी ओढणारा हेच म्हणतो, दारू पिणाराही हेच म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. त्याला खरेच सोडायचे असते. मग सुटत का नाही? आणि ज्यांचे सुटते, त्यांचे कसे सुटते? ते आज आपण समजून घेऊ.

आधी आपल्याच मुलखातली एक हकीकत ऐका. गाडगेबाबांचे नाव कोणाला ठाऊक नाही? त्यांचे मूळ नाव डेबूजी. जन्म १८७६ साली, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. वडील झिंगराजी जाणोरकर हे परीट. झिंगराजींना दारूची सवय लागली. दारूपायी घर खालावले, अंगातली ताकद गेली, आणि डेबूजी अगदी लहान असतानाच ते वारले. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी आली. तिचे माहेर मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे. आपल्या कारंज्याहून मूर्तिजापूर काही फार लांब नाही. म्हणजे ही गोष्ट आपल्या शेजारचीच.

डेबूजी दापुऱ्यात मोठे झाले. गुरे राखली, शेती केली. लग्न झाले, मुलगी झाली. मुलीचे बारसे आले. त्या काळी त्यांच्या समाजात बारशाला भाऊबंदांना दारू आणि मटणाचे जेवण घालण्याची चाल होती. डेबूजींनी ती मोडली. पंगतीला गोड जेवण वाढले. भाऊबंदांना ते रुचले नाही. पण डेबूजी बधले नाहीत.

यातली एक गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. भरल्या पंगतीत, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असताना, नवा विचार करता येत नाही. जो तिथे विचार करायला बसेल, तो हमखास हो म्हणेल. नाही म्हणायचे, तर ते घरून ठरवूनच निघावे लागते. डेबूजींचे आधीच ठरले होते, असे आम्हाला वाटते. ज्याने लहानपणी बापाच्या दारूपायी घर उठलेले पाहिले, त्याला पंगतीत बसून काय ठरवायचे राहिले होते?

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, डेबूजी काही व्यसनी नव्हते. आमचे तर हाडामासात भिनले आहे." बरोबर आहे. म्हणून व्यसन शरीरात काय करते, ते पाहू.

तंबाखूत निकोटीन नावाचे एक विष असते. चिमूट ओठाखाली धरली की ते हिरडीतून रक्तात उतरते आणि रक्तातून मेंदूत जाते. घटकाभर बरे वाटते, हुशारी येते. पुढे मेंदूला त्याची सवय होते. रक्तातले निकोटीन कमी झाले की माणूस चिडचिडा होतो, कामात लक्ष लागत नाही, हात डबीकडे जातो. यालाच आपण तलफ म्हणतो. पुन्हा चिमूट घेतली की बरे वाटते. माणूस समजतो, तंबाखूने मला बरे केले. पण आजार दिला कोणी? आधीच्या चिमटीने! सावकाराचे व्याज भरायला त्याच सावकाराकडून नवे कर्ज काढावे, तसा हा व्यवहार आहे. कर्ज काही फिटत नाही.

पण तलफेची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तलफ टिकत नाही. तुम्ही चिमूट घ्या की घेऊ नका, ती काही मिनिटांत ओसरते. पावसाची सर येते तशी ती येते. आभाळ भरून येते, सर कोसळते, आपण गोठ्याच्या वळचणीला उभे राहतो, आणि सर निघून जाते. पुन्हा दुसरी येते, हे खरे. पहिले तीन दिवस सरीवर सर असते. ते दिवस सगळ्यांत कठीण. मग दोन सरींतले अंतर वाढत जाते. तीन-चार आठवड्यांत शरीराची ओढ बरीच कमी होते. म्हणजे जन्मभर झुंजायचे नाही. त्या त्या वेळी पाच-दहा मिनिटे काढायची.

ही मिनिटे कशी काढायची? आमच्या ओळखीच्या एका ट्रॅक्टरवाल्याचे सांगतो. वीस वर्षे तंबाखू-चुना खाणारा गडी. आम्हाला म्हणाला, "गुरुजी, मले सोडायचं हाय, पण हात आपोआप डबीकडं जाते." त्याच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले, हा चट्टा पुढे कर्करोगावर जाऊ शकतो. गडी घाबरला. पण नुसत्या भीतीवर आठ दिवसांपलीकडे कोणी निभत नाही, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

त्याने पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा मुहूर्त धरला. तो दिवस बायकोला सांगितला, शाळेत जाणाऱ्या पोरीला सांगितला, सोबतच्या गड्यांनाही सांगितला. आदल्या रात्री डबी उकिरड्यावर फेकली. खिशात डबीच्या जागी फुटाणे आणि बडीशेप ठेवली. तलफ आली की ट्रॅक्टर थांबवायचा, पाणी प्यायचे, गाडीभोवती दोन फेऱ्या मारायच्या आणि मग पुन्हा स्टिअरिंग धरायचे. पानठेल्यावरून जाणारा रस्ता त्याने महिनाभर सोडला. लांबच्या वाटेने घरी जाई. लोक हसले. हसू द्या! ज्या ठिकाणी आपण घसरतो, त्या ठिकाणी जायचेच नाही, यात कसला आला भित्रेपणा?

दोन महिन्यांनी एका लग्नात त्याने चिमूट घेतली. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आमच्याकडे आला. "सगळं गेलं गुरुजी." आम्ही विचारले, "बैल एकदा ठेचकाळला तर तू त्याले बाजारात इकतं काय?" तो हसला. त्याच सकाळपासून पुन्हा सुरुवात केली. पुष्कळांचे पहिल्या झटक्यात सुटत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सुटते. घसरल्यावर "आता गेलेच, तर पोटभर खाऊ" असे म्हणणारा मात्र परत खड्ड्यात जातो. त्या ट्रॅक्टरवाल्याला आज सहा वर्षे झाली.

मानोरा तालुक्यात पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी आहे. महाराजांची दारूपासून दूर राहण्याची शिकवण बंजारा समाजात आजही सांगितली जाते. रामनवमीला तिथे मोठी यात्रा भरते. असल्या ठिकाणी कोणी व्यसन सोडण्याची शपथ घेत असेल, तर अवश्य घ्यावी. पण शपथ म्हणजे पेरणी. राखण केली नाही, तर पीक रानडुकरे खातात.

शपथ केवढी घ्यावी, हाही प्रश्न आहे. "जन्मभर शिवणार नाही" म्हटले की मन दडपते. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुडे एकत्र आले. एक शेअरबाजारातला दलाल, दुसरा डॉक्टर. एकमेकांच्या आधाराने दोघांची दारू सुटली. त्यांच्यापासून जी मंडळे निघाली, त्यांत एक रीत पडली. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, एवढेच ठरवायचे. उद्याचे उद्या. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण नावाचे केंद्र काढले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पैशाची मदत केली. तिथेही 'फक्त आजचा दिवस' हीच रीत शिकवतात. एक दिवस कोणालाही झेपतो.

दारूच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने एकदम बंद केली, तर त्याला कापरे भरते, घाम सुटतो, झोप उडते. कोणाला झटके येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणी भ्रमिष्टासारखा बडबडतो, नसलेले किडे-मुंग्या दिसतात. हे नाटक नव्हे, आणि भूतबाधाही नव्हे. यात जीव जाऊ शकतो. अशा माणसाने दारू सोडण्याआधी सरकारी दवाखान्यात जावे. तिथे औषध देऊन ते दिवस पार पाडता येतात.

आणखी एक. "पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती येतात. भाजीत पूड कालवायची म्हणे! बायाबापड्या घर वाचावे म्हणून पदराचे पैसे मोडून ती आणतात. त्यांचे दुःख आम्हाला कळते. पण काही औषधे अशी असतात, की ती पोटात असताना दारू प्यायली, तर माणूस अत्यवस्थ होतो. डॉक्टर ती देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने. चोरून कोणालाही काही चारू नका.

काही जण म्हणतात, "सगळेच खातात." सगळे कुठे खातात? २०१६-१७ साली सरकारने पाहणी केली. महाराष्ट्रात शंभर मोठ्या माणसांत सुमारे सत्तावीस जण तंबाखू घेणारे निघाले. म्हणजे त्र्याहत्तर जण घेत नाहीत! पैशाचा हिशेबही मांडून पाहा. रोजचे २० रुपये धरले, तर महिन्याचे ६०० आणि वर्षाचे ७,३०० होतात. खर्रा खाणाऱ्याने तर आरशासमोर तोंड उघडून पाहावे. तीन बोटे उभी आत जात नसतील, तर सुपारीने गाल आखडू लागले असे समजून दवाखाना गाठावा.

तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचे चित्र असते. ते पाहून आपण नजर फिरवतो. आता पुडी हातात घ्या आणि त्या चित्राजवळ नीट पाहा. तिथे इंग्रजी आकड्यांत एक नंबर छापलेला असतो. १८००-११-२३५६. हा नंबर तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारने ठेवला आहे. फोनला पैसे पडत नाहीत. पलीकडचा माणूस विचारतो, तुम्ही किती खाता, कधीपासून खाता, आणि कोणत्या दिवसापासून सोडणार? तो दिवस ठरवून मगच फोन लावा.