शिक्का कोण मारतं, पासपोर्ट कोण देतं

एरंडोल, धरणगाव, पारोळा या पट्ट्यातून कोणी परदेशी निघालं की पासपोर्ट, व्हिसा, नोकरीची परवानगी आणि विमानतळावरचा शिक्का ही सगळी कामं लोक एकाच ‘इमिग्रेशन’च्या नावावर टाकतात. या घोळाची किंमत गरीब माणूस मोजतो. कुठलं काम कोणाकडे आहे हेच ठाऊक नसलं, की ‘वर आपली ओळख आहे’ म्हणणाऱ्या कोणाच्याही हातात पैसे ठेवले जातात.

ब्युरो ऑफ इमिग्रेशन ही केंद्रीय गृह मंत्रालयाची यंत्रणा १९७१ साली उभी राहिली. देशात येणाऱ्या-जाणाऱ्यांची विमानतळांवर, बंदरांत आणि सीमेवरच्या नाक्यांवर तपासणी करणं आणि इथे राहणाऱ्या परदेशी नागरिकांची नोंद ठेवणं, ही तिची मुख्य कामं. पासपोर्ट ती देत नाही. तो १९६७च्या पासपोर्ट कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालय देतं. पडताळणीसाठी गावातल्या पोलीस ठाण्याचा निरोप येतो, म्हणून पोलीस पासपोर्ट देतात असंही नाही. आणि परदेशाचा व्हिसा तर तो तो देशच देतो. ‘मुंबईच्या इमिग्रेशनमधून दुबईचा व्हिसा काढून देतो’ असं कोणी म्हणत असेल, तर तो सरळ खोटं बोलतो आहे.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश पक्का, हाही असाच एक समज. त्या देशात उतरल्यावर आत सोडायचं की नाही, हे तिथला अधिकारी ठरवतो. भारतात येणाऱ्या परदेशी माणसालाही हाच नियम आहे.

सर्वात जास्त नुकसान होतं ते आखातातल्या कामाच्या बाबतीत, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे काही पासपोर्टधारकांना १८ ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, ओमान, कुवेत, मलेशिया हे देश त्यात येतात. अशा पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. दहावी पास झालेल्याला तो लागत नाही. म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र असूनही पासपोर्टच्या अर्जाला न जोडणारा मुलगा स्वतःच्या मागे एक जादा मंजुरी लावून घेतो.

ही मंजुरी देणारं कार्यालयही इमिग्रेशनचं नव्हे. ते काम परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’चं, आणि त्यांचं कार्यालय मुंबईत आहे. आता एजंटची चलाखी बघा. पर्यटनाला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही, म्हणून तो पोराला व्हिजिट व्हिसावर पाठवतो आणि सांगतो, ‘तिकडे गेल्यावर बदलून घेऊ.’ मंजुरी हा नुसता अडथळा आहे असं घरच्यांनाही वाटतं. खरं तर त्या कागदामागे नोकरीचा करार तपासला जातो, पगार आणि मालकाचं नाव नोंदलं जातं, आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचं दहा लाख रुपयांचं अपघाती विमाकवच मिळतं. व्हिजिट व्हिसावर गेलेला पोरगा या सगळ्याला मुकतो. मालकाने पगार बुडवला तर दाखवायला त्याच्याकडे कागदच नसतो.

एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतं. त्याने सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घ्यायचं असतं. शेत गहाण ठेवण्याआधी ही दोन कामं करावीत, एवढं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

विमानतळाविषयीची भीतीही बरीचशी उगाच आहे. ‘अधिकाऱ्याच्या मनात आलं की तो अडवतो’ असं म्हणतात. पण एखाद्याला अडवण्यासाठीची लुकआउट नोटीस काढायला पोलीस, न्यायालय किंवा तपास यंत्रणा सांगते. इमिग्रेशन ती अमलात आणतं. भारतीयांना फॉर्मही भरावा लागत नाही. परतताना भरायचं कार्ड २०१४मध्ये आणि जातानाचं १ जुलै २०१७पासून बंद झालं. त्यामुळे फॉर्म भरून देण्याचे पैसे मागणाऱ्याला नाही म्हणावं. रांग टाळून पुढे जाण्याची सोय फक्त बड्यांसाठी असते, हेही आता खरं नाही. २०२४मध्ये दिल्लीत सुरू झालेली फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची योजना जानेवारी २०२५पासून मुंबईतही आहे. ऑनलाइन अर्ज करून बोटांचे ठसे दिले की भारतीय नागरिकाला ती फुकट वापरता येते.

राहिला उलटा प्रवास. अजिंठ्याला जाणारे परदेशी पर्यटक जळगाव स्टेशनवर उतरतात, आणि त्यांची नोंद ठेवणं हे सरकारचं काम असं अनेक लॉजवाल्यांना वाटतं. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी जागा देणाऱ्याची असते, मग ते हॉटेल असो, धर्मशाळा असो वा राहतं घर. परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५पासून नवा कायदा लागू झाला, तरी ही जबाबदारी कायम आहे. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर राहायला आलेल्या परदेशी माणसाने १४ दिवसांत नोंदणी करायची असते. मुदतवाढ, नोंदणी, देश सोडण्याची परवानगी या कामांचे अर्ज २०१८पासून ‘ई-एफआरआरओ’ या संकेतस्थळावर घेतले जातात. त्यासाठी मुंबईच्या कार्यालयात खेटे घालायची गरज सहसा पडत नाही.

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मुलाकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असेल, तर गावाकडे लोक त्याला ‘दोन्हीकडचा नागरिक’ म्हणतात. आपली राज्यघटना तसं नागरिकत्व मानत नाही. त्या कार्डावर तो आयुष्यभर ये-जा करू शकतो, पण मतदान करू शकत नाही. वडिलांची केळीची जमीन वारशाने त्याच्या नावावर येऊ शकते. शेजारचं शेत मात्र त्याला विकत घेता येत नाही.