गर्भारपणातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

आमच्या वस्तीतील एका सुनेला तिसरा महिना. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ निघाली, रक्तात सीए-१२५ वाढलेले. घरात रडारड, कुणी म्हणे, गर्भ पाडा. आम्ही तिला मोठ्या रुग्णालयात नेले. डॉक्टरीणबाईंनी समजावले: पहिल्या तीन महिन्यांत सीए-१२५ गर्भारपणानेही वाढते. एंडोमेट्रिओसिसची जुनी गाठ असेल तर संप्रेरकांमुळे तिचे अस्तर जाड होते, त्यात रक्तप्रवाह वाढतो आणि ती कर्करोगासारखी दिसते. मग पुन्हा सोनोग्राफी व औषध न टोचता एमआरआय झाला. गाठ वाढली नाही. बाळंतपणानंतर ती आक्रसली.

भगिनींनो, घाबरून गर्भ पाडू नका, तपासणीही टाळू नका. पोटात अचानक जोराची कळ आली तर गाठीला पीळ पडला असेल. ताबडतोब रुग्णालयात जा.